गढूळ नदीतील सॅमन

आइसलंडच्या नकाशावर 'लाक्सा' या नावाच्या नद्या जागोजाग सापडतात. 'लाक्स' म्हणजे सॅमन मासा आणि 'आ' म्हणजे नदी. ज्या नदीत सॅमन मिळतो ती लाक्सा, इतका सरळ हिशेब. त्याच नकाशावर 'योकुल्सा' नावाच्या नद्याही पुष्कळ आहेत. 'योकुल' म्हणजे हिमनदी. येथे शब्दांची थोडी अडचण होते. मराठीत आपण बर्फाच्या सरकत्या प्रवाहाला हिमनदी म्हणतो; पण तिच्या पायथ्याशी बर्फ वितळून जी पाण्याची नदी सुरू होते तिला आपल्याकडे वेगळे नाव नाही. सोयीसाठी आम्ही तिला हिमजन्य नदी म्हणू. आइसलंडमधील शेतकऱ्याला मात्र या दोन नावांत कधी गोंधळ झाला नाही. लाक्सा मिळाली तर घरात मासा आणि पैसा, योकुल्सा मिळाली तर नदी ओलांडण्याची भीती, असा शतकानुशतकांचा त्याचा अनुभव होता. योकुल्सेची लाक्सा करता येईल असे कोणी म्हटले असते, तर त्याला हसण्यावारी नेले असते. पण गेल्या वीस वर्षांत तिथल्या पूर्व भागात असे काहीसे घडले आहे. ते कसे घडले आणि त्याची किंमत कोणी दिली, हे सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हिमजन्य नदीचे पाणी कसे असते ते पाहू. हिमनदी म्हणजे नुसता बर्फ नव्हे. तिच्या तळाशी दगडगोटे अडकलेले असतात आणि सगळा भार घेऊन ती खालच्या खडकावरून सरकते. जात्यात धान्य भरडावे तसा खडक भरडला जातो आणि त्याचे इतके बारीक पीठ होते की ते पाण्यात दिवसचे दिवस तरंगत राहते. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागला की हे पीठ पाण्याबरोबर खाली येते. नदी कुठे दुधासारखी, कुठे राखेसारखी, तर कुठे तपकिरी दिसते. आपल्याकडच्या नद्या पावसाळ्यात गढूळ होतात आणि दिवाळीपर्यंत निवळतात. हिमजन्य नदीचे वेळापत्रक निराळे. ऊन जितके कडक तितकी ती जास्त फुगते आणि जास्त गढूळ होते. हिवाळ्यात ती स्वच्छ असते, पण तेव्हा तिच्यात पाणीच थोडे असते.

आता सॅमनकडे वळू. हा मासा दोन संसार करतो, एक नदीत आणि एक समुद्रात. शरद ऋतूच्या अखेरीस मादी नदीच्या तळाची वाळू-खडी शेपटीने उकरते, त्या खळग्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. मादीच्या वजनाच्या दर किलोमागे दीड हजाराच्या आसपास अंडी असतात. हिवाळाभर ही अंडी खडीखाली पडून राहतात. खडीच्या फटींतून वाहणारे पाणी त्यांना प्राणवायू पुरवते. वसंतात पिले बाहेर येतात आणि आइसलंडसारख्या थंड मुलखात तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही जास्त, नदीतच वाढतात. नंतर एका उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या अंगावर रुपेरी झाक येते, खाऱ्या पाण्यात तग धरण्याची शरीराची तयारी होते आणि ती समुद्राकडे निघतात. या अवस्थेतील पिलाला 'स्मोल्ट' म्हणतात. समुद्रात एक किंवा दोन हिवाळे काढून, भरपूर खाऊन-पिऊन मासा परत येतो तो बहुधा आपल्याच नदीत. बंगाल्यांचा हिलसाही समुद्रातून नदीत चढतो. परंतु जन्मलेल्या ओढ्याचा नेमका पत्ता शोधून काढण्यात सॅमनची बरोबरी करणारे मासे थोडे. हा पत्ता त्याला वासावरून लागतो, असे अमेरिकेतील आर्थर हॅस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले. समुद्राकडे जाताना नदीच्या पाण्याचा वास पिलाच्या मेंदूवर जणू कोरला जातो. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा उद्योग तिच्यावरच उभा आहे.

अशा माशाला हिमजन्य नदी का मानवत नाही, हे आता वेगळे सांगण्याची फारशी गरज नाही. खडकाचे पीठ खडीच्या फटींत बसते आणि अंडी गुदमरतात. पाणी गढूळ असल्यामुळे तळापर्यंत प्रकाश पोचत नाही, म्हणून दगडांवर शेवाळ धरत नाही. शेवाळ नाही म्हणून त्यावर जगणारे किडे नाहीत, आणि किडे नाहीत म्हणून पिलांना खायला नाही. शिवाय पाणी बर्फाचे. सहा-सात अंशांच्या खाली पिलांची वाढ जवळजवळ थांबते. मोठा मासा अशा नदीतून वाट काढीत जाऊ शकतो आणि बाजूच्या एखाद्या निवळ ओढ्यात शिरून अंडी घालू शकतो. पण मुख्य नदी त्याच्या दृष्टीने घर नव्हे, नुसता रस्ता.

पूर्व आइसलंडमधील 'योकुल्सा आ दाल' ही अशा नद्यांचा कळस होती. लोक तिला लाडाने किंवा धाकाने 'योक्ला' म्हणतात. वात्नायोकुल या विशाल हिमक्षेत्राच्या उत्तर काठावर ब्रुआरयोकुल नावाची हिमनदी आहे, तिच्यातून ही निघते आणि सुमारे १५० किलोमीटर वाहून उत्तरेकडच्या समुद्राला मिळते. देशातील सर्वांत गढूळ नदी म्हणून तिचा लौकिक होता. तिच्या खोऱ्यातील वस्ती विरळ, मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांची. दोन्ही काठांना बांधलेल्या दोरावर लाकडी पेटी टांगायची, तीत बसायचे आणि हाताने दोर ओढत पलीकडे जायचे, अशी नदी ओलांडण्याची रीत तिथे होती. खाली पाहण्याचे धाडस नव्या माणसाला होत नसे. ह्राप्नकेलची प्रसिद्ध जुनी सागा याच नदीच्या एका बाजूच्या खोऱ्यात घडते, आणि लाक्सनेस या नोबेल-विजेत्या कादंबरीकाराने आपल्या हट्टी शेतकऱ्याची कथा लिहिली ती जवळच्याच माळरानावरील आयुष्य डोळ्यांपुढे ठेवून, असे मानले जाते. इतका वाङ्मयीन मान असूनही मत्स्यव्यवसायाच्या वहीत योक्लेच्या नावापुढे जवळजवळ शून्य होते. काल्दा, लाक्सा, फोग्रुह्लिदारा अशा तिच्या खालच्या अंगाच्या निवळ उपनद्यांत थोडेफार मासे असत, एवढेच.

मग धरण आले. ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी वीज हवी होती आणि ती या नदीच्या पाण्यातून काढायची होती. हे प्रकरण आइसलंडच्या सार्वजनिक जीवनात फार गाजले. ऑगस्ट २००१ मध्ये तेथील नियोजन-खात्याने पर्यावरणाची हानी फार मोठी होईल म्हणून या योजनेला नकार दिला. डिसेंबरमध्ये पर्यावरणमंत्र्यांनी तो नकार फिरवून अटींसह परवानगी दिली आणि २००२ च्या एप्रिलमध्ये आल्थिंग या त्यांच्या लोकसभेने शिक्कामोर्तब केले. सप्टेंबर २००६ मध्ये जलाशय भरण्यास सुरुवात होण्याच्या दोन दिवस आधी राजधानीत हजारो लोकांचा मोर्चा निघाला. चार लाखांहूनही कमी वस्तीच्या देशात हजारोंचा मोर्चा म्हणजे काय, याची कल्पना आपण करावी. तरीही काम झाले. काराहन्यूकार येथे २०० मीटरांच्या घरात उंचीचे दगडी भरावाचे धरण उभे राहिले, त्यामागे ५७ चौरस किलोमीटरांचा हाल्सलोन जलाशय पसरला, आणि ६९० मेगावॉटचे वीजघर २००७ च्या अखेरीस चालू झाले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. धरणात साठलेले पाणी योक्लेत परत येत नाही. सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून ते शेजारच्या खोऱ्यात नेले जाते, तेथे सुमारे ६०० मीटर खाली कोसळवून वीज केली जाते आणि नंतर ते लागारफ्ल्योत या दुसऱ्याच नदीत सोडले जाते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते आणि कृष्णेऐवजी वाशिष्ठीची वाट धरते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रचना समजण्यास वेळ लागणार नाही. फरक इतकाच, की कोयनेचे पाणी वळले तेव्हा गाळाचा प्रश्न फारसा नव्हता. इकडे पाण्याबरोबर हिमनदीचे सगळे पीठही वळले. काही जड भाग जलाशयात बसला, उरलेला लागारफ्ल्योतच्या माथी गेला. आणि धरणाखालची योक्ला, शंभराहून अधिक किलोमीटर लांबीची, एकाएकी निवळली. तिच्यात आता राहिले ते डोंगरावरचे बर्फ-पावसाचे पाणी, झऱ्यांचे पाणी आणि उपनद्या.

नदी निवळली म्हणजे त्यात मासा येईल ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती. उत्तर आइसलंडमधील ब्लांदा या हिमजन्य नदीवर १९९१ मध्ये वीजघर चालू झाले होते. तिच्यात सॅमन पूर्वीपासून चढत असे, पण गढूळ पाण्यात त्याला गळाची माशी दिसणार कशी? म्हणून लोक गांडूळ नाहीतर चमकता पत्रा लावून नशिबावर हवाला ठेवीत. जलाशयात गाळ बसू लागला, खालचे पाणी उन्हाळ्यात पुष्कळसे स्वच्छ झाले आणि ब्लांदा नामांकित गळ-मासेमारीच्या नद्यांत जाऊन बसली. योक्लेचे प्रकरण यापेक्षा अवघड होते. ब्लांदेत मासा होताच, त्याला नुसते दिसू लागले. योक्लेत मासा वसवायचा होता.

येथे आइसलंडच्या कायद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून या उद्योगाचे अर्थकारण कळत नाही. तेथे नदीतील माशाचा हक्क काठावरच्या जमिनीशी जोडलेला आहे आणि तो जमिनीपासून कायमचा तोडून विकता येत नाही. एका नदीच्या सर्व काठकऱ्यांनी मिळून मासेमारी-संघ करावा लागतो, त्यातून कोणालाही फुटून निघता येत नाही. संघ नदी मक्त्याने देतो. समुद्रात जाळी टाकून सॅमन पकडण्यास तर १९३२ च्या कायद्यानेच बंदी झाली. परिणाम असा की, समुद्रातून परतणारा मासा वाटेत कोणी लुटत नाही, तो नदीपर्यंत पोचतो. आणि नदीवर एका वेळी किती गळ चालावेत याची संख्या ठरलेली असते. दिवसाचे बारा तासच मासेमारी करता येते. पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद वहीत होते. अशा नदीवरील एका गळाच्या एका दिवसाच्या परवान्यासाठी परदेशी हौशी मंडळी शेकडो, आणि नावाजलेल्या नद्यांवर हजारो डॉलर मोजतात. यांतले पुष्कळसे लोक पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देतात. मासा विकत घेऊन न खाता सोडून देण्यासाठी इतका खर्च करणे आपल्या कोकणातल्या माणसाला विचित्र वाटेल. पण मेंढपाळाच्या घरात त्या पैशाने हिवाळा सुखाने जातो हेही खरे.

योक्लेच्या काठकऱ्यांनी हीच वाट धरली. स्ट्रेंगिर नावाच्या संस्थेने नदीचा मक्ता घेतला आणि पिले सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची पद्धत अशी. नर-मादी मासे शरद ऋतूत पकडायचे, अंडी आणि वीर्य काढून केंद्रात अंडी उबवायची, पिलांना तेथेच खाऊ घालून स्मोल्टच्या अवस्थेपर्यंत वाढवायचे. नदीत ज्या वाढीला तीन-चार वर्षे लागतात ती कोमट पाण्यात आणि भरपूर खाद्यावर वर्ष-सव्वा वर्षात होते. मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला ही पिले नदीकाठी खणलेल्या तळ्यांत आणून ठेवतात. तळ्यातून नदीचे पाणी खेळवलेले असते. काही आठवडे तेथे राहून पिले त्या पाण्याचा वास मनात साठवतात, आणि आपण होऊन नदीत उतरून समुद्राकडे जातात. हॅस्लरचा शोध येथे कामाला येतो. पिले थेट समुद्रात सोडली तर त्यांना परतण्याचा पत्ताच राहत नाही.

परतणारे किती? शंभरांतून एक-दोन परतले तरी मक्तेदार समाधानी असतो. समुद्रात काय होते यावर कोणाचाच ताबा नाही. पण हजारो पिले सोडल्यावर शेकडा एक परतला तरी नदीत शेकडो मासे होतात आणि गळ टाकणाऱ्याला दिवस वाया गेल्यासारखे वाटत नाही. पहिल्या काही वर्षांतच योक्लेत आणि तिच्या उपनद्यांत मिळून उन्हाळ्याला शेकड्यांनी सॅमन मिळू लागले. नदीच्या मधल्या टप्प्यावर 'स्टाइनबोगी' म्हणजे दगडी कमान या नावाची एक खडकाळ अडचण होती. तेथे माशांसाठी वाट करून दिल्यावर वरचे, पूर्वी कधी सॅमनने न पाहिलेले खोरेही त्यांना मोकळे झाले.

परंतु पिले सोडून मासे मिळवणे आणि नदीत मासा वसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हा फरक जाहिरातीत सहसा सांगितला जात नाही. दक्षिण आइसलंडमध्ये रांगा नावाच्या दोन नद्या आहेत. देशातील सर्वांत जास्त सॅमन देणाऱ्या नद्यांत त्यांची गणना होते. पण त्यांचा तळ ज्वालामुखीच्या वाळूचा, अंडी धरणारा नव्हे. दरवर्षी पिले सोडावी लागतात. एक वर्ष चुकले की पुढचे वर्ष रिकामे. ही मासेमारी खरी, पण ती नदीची नव्हे, केंद्राची. योक्लेत हेतू याहून मोठा होता. निवळ पाण्यात दगडांवर शेवाळ धरू लागले, त्यावर किडे आले, आणि परतलेल्या माशांपैकी काहींनी मुख्य नदीच्या खडीत अंडी घातली. शास्त्रज्ञांना तपासणीत नदीतच जन्मलेली पिले वरच्या खोऱ्यापर्यंत आढळू लागली. आमच्या मते या सगळ्या प्रयोगातील मोलाची गोष्ट हीच आहे. शेकड्यांनी पकडलेल्या माशांचा आकडा त्याच्यापुढे गौण. जे पिलू तळ्यात वाढलेले नाही, ज्याला कोणी खाऊ घातलेले नाही, ते या नदीत चार हिवाळे काढून समुद्रात जाते, याचा अर्थ नदीने त्याला स्वीकारले.

मात्र हा स्वीकार सशर्त आहे. हाल्सलोन जलाशय हिवाळ्यात वीज करता करता उतरतो आणि उन्हाळ्यात हिमनदीच्या पाण्याने चढत जातो. बहुतेक वर्षी ऑगस्टच्या सुमारास तो काठोकाठ भरतो आणि सांडव्यावरून पाणी वाहू लागते. धरणाच्या पश्चिम बाजूला हे पाणी सुमारे शंभर मीटर खाली दरीत कोसळते. या हंगामी धबधब्याचे नाव 'क्वेरफांदी', म्हणजे लोप पावणारा. प्रवासी तो पाहण्यास मुद्दाम जातात. खाली नदीवर मात्र त्या दिवशी गळ गुंडाळले जातात. पाणी पुन्हा राखी, पुन्हा थंड, पुन्हा जुनी योक्ला. परवाने घेतलेली मंडळी निवळ उपनद्यांकडे जातात, आणि तेथे जागा अपुरी पडते. उन्हाळा थंड असला तर सांडवा उशिरा वाहतो, हंगाम लांबतो. उन्हाळा उबदार असला तर बर्फ लवकर वितळतो आणि हंगाम आखडतो. पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि हिमनद्या मागे हटत आहेत, हे ध्यानात घेतले तर पुढची काही दशके धरणाकडे पाणी जास्तच येणार. म्हणजे ज्या धरणामुळे मासेमारी शक्य झाली, त्याच्याच सांडव्यावर तिची तारीख लिहिलेली असते. शिवाय मासे अंडी घालण्याच्या आधीच्या आठवड्यांत आलेला हा गाळ खडीत किती बसतो आणि हिवाळ्याचे स्वच्छ पाणी त्यातला किती धुऊन नेते, यावर नैसर्गिक वाढीचे सगळे गणित अवलंबून आहे.

याच काळात आइसलंडच्या खाड्यांत पिंजऱ्यांतून सॅमन वाढवण्याचा धंदाही फोफावला. तो मासा नॉर्वेच्या जातीचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पश्चिमेकडील एका खाडीतील पिंजरा फाटून हजारो मासे निसटले आणि दूरदूरच्या नद्यांत चढले. नॉर्वेहून पाणबुडे बोलावून ते शोधून काढावे लागले. जुन्या, मुरलेल्या माशांच्या नदीतसुद्धा असा संकर भीतिदायक असतो. ज्या नदीत मासा अजून रुजतोच आहे तिथे त्याची धास्ती अधिक.

आता दुसऱ्या नदीकडे पाहिल्याशिवाय हा वृत्तान्त पुरा होणार नाही. लागारफ्ल्योत म्हणजे लांबोडके, नदीसारखे सरोवर. त्याच्या काठी एगिल्सस्तादिर हे त्या भागातील मुख्य गाव. या सरोवरात एक अजस्र सर्प राहतो अशी दंतकथा मध्ययुगापासून चालत आली आहे. सरोवराचे पाणी मुळातही हिमजन्यच, अगदी निवळ कधीच नव्हते. पण त्यात मासा होता, काठच्या शेतकऱ्यांना जाळ्यात मिळत होता. योक्लेचे पाणी आल्यावर गढूळपणा वाढला, प्रकाश पूर्वीइतका खोल जाईना, अन्न घटले, आणि मासे कमी व लहान मिळू लागले. काठही ढासळू लागले. २०१३ च्या सुमारास हे सारे वृत्तपत्रांत आले आणि जुना वाद पुन्हा पेटला. परिणाम होणार हे योजनेच्या अहवालात आधीच लिहिले होते, असे एका बाजूचे म्हणणे. लिहिले होते म्हणून ते न्याय्य ठरत नाही, असे दुसऱ्या बाजूचे. आम्हाला दुसरे म्हणणे अधिक पटते. पण हेही सांगितले पाहिजे की, योक्लेच्या काठच्या शेतकऱ्याला त्याच्या दारात आलेल्या माशाबद्दल दोष देता येत नाही. पाणी त्याने वळवले नव्हते.

योक्लेचे पाणी ओसरल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली, तिची कोणी कल्पनाही केली नव्हती. स्तुद्लागिल नावाच्या घळीत, पूर्वी जिथे राखी पाणी काठोकाठ घोंघावत असे, तेथे बसाल्टचे षट्कोनी खांब ओळीने उभे आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांची छायाचित्रे जगभर फिरली आणि उन्हाळ्यात तेथे मोटारींची रीघ लागते. पाणी हिरवेनिळे असेल तोपर्यंत प्रवासी येतात. ऑगस्टमध्ये सांडवा वाहू लागला की घळ राखी होते, तेव्हा तेथे आलेला माणूस आपण चुकीच्या जागी आलो की काय असे विचारतो. काठावरच्या गावांत जुलै सरता सरता मासेमारीचे मक्तेदार, घोड्यावरून प्रवासी फिरवणारे आणि मेंढपाळ हे सगळे एकच आकडा पाहत असतात: जलाशयाची पातळी सांडव्यापासून किती मीटर खाली आहे.